ठोशाचं गोत्र

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि भाषाशुद्धीचा जुना वाद पुन्हा नव्या दमाने सुरू झाला. वाद व्हायला हरकत नाही. हरकत आहे ती त्यात दोन्ही बाजूंनी साक्षीला बोलावल्या जाणाऱ्या इंग्रजीबद्दल. एक पक्ष म्हणतो, इंग्रजांचे नामवंत लेखकसुद्धा लॅटिन-फ्रेंच टाळा, अस्सल सॅक्सन, म्हणजे इंग्रजीच्या मूळच्या घरचे शब्द वापरा असं कानीकपाळी ओरडत आले, मग आपणच फारसीचं आणि इंग्रजीचं ओझं का वाहायचं? दुसरा पक्ष म्हणतो, इंग्रजीने जगभरचे शब्द हसतमुखाने पोटात घेतले म्हणूनच ती जगाची भाषा झाली, आपणही घेऊ या. साक्षीदार एक आणि जबान्या दोन, त्याही परस्परविरोधी. आणि उलटतपासणी मात्र कुणीच घेत नाही.

माझ्या मते दोन्ही जबान्या खोट्या आहेत. शब्दाची ताकद, त्याचा नेमकेपणा किंवा प्रामाणिकपणा त्याच्या वंशावळीतून येत नाही. इंग्रजीत याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा मिळतो तो मारण्याच्या, ठोकण्याच्या आणि फुंकण्याच्या शब्दांत. हेच शब्द निवडायला कारण आहे. शुद्धिवाद्यांचा गड तोच समजला जातो. 'हिट', 'स्ट्राइक', 'बीट', 'नॉक' हे शब्द म्हणे मुठीतून सुटल्यासारखे येतात, तर 'पर्कशन' आणि 'इन्फ्लिक्ट' पुस्तकातून. गड एवढा भक्कम असेल, तर चढाई तिथेच करून पाहावी.

'हिट'पासूनच सुरुवात करू. तीन अक्षरांचा, टाचणीसारखा टोकदार शब्द. याच्याहून सॅक्सन ते काय असणार? पण तो सॅक्सन नाहीच. 'हित्ता' हा स्कँडिनेव्हियाच्या जुन्या नॉर्स भाषेतला शब्द, अर्थ 'गाठणे, भेटणे'. व्हायकिंग टोळ्यांबरोबर तो इंग्लंडात उतरला आणि जुन्या इंग्रजीच्या अखेरच्या काळात 'हित्तन' होऊन वापरात आला. त्याच्या आधीपासून घरचा शब्द होता 'ड्रेपन'. 'बेओवुल्फ' या प्राचीन काव्यात तो तलवारीच्या घावासाठी येतो. जर्मनमध्ये त्याचा भाऊ 'ट्रेफन' आजही ठणठणीत आहे, नॉर्वेजियनमध्ये 'द्रेपे' म्हणजे ठार मारणे. इंग्रजीत मात्र 'ड्रेपन' नामशेष झाला. म्हणजे आज ज्याला बावनकशी म्हणून मिरवतात, तो शब्द घरच्याला बाहेर काढून बसलेला पाहुणा आहे.

यावर शुद्धिवाद्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं: नॉर्स चालेल, ती सख्खी नाही तरी चुलत बहीण आहे, परकी ती फ्रेंच. बरं, मग सीमारेषा १०६६च्या, फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांच्या विजयावरच का? डेनमार्कचा कनूट १०१६मध्ये इंग्लंडचा राजा झाला तो काय निमंत्रणावरून? एका आक्रमकाची शिवी आपली आणि दुसऱ्याची परकी, असा निवाडा भाषाशास्त्र देत नाही, तो भावनेतून येतो. भावनेला माझा विरोध नाही. तिने व्याकरणाचा झगा घालून फिरू नये, एवढंच.

आता जे शब्द खरोखर घरचे आहेत, त्यांच्याकडे वळू. 'स्ट्राइक'चं जुनं रूप 'स्ट्रीकन'. त्याचा अर्थ होता हलक्या हाताने फिरवणे, गुळगुळीत करणे, आणि दुसरा अर्थ चालणे, पुढे जाणे. जर्मन 'श्ट्रायखन' अजूनही तेवढाच मवाळ आहे. १६११च्या राजमान्य बायबलमध्ये अब्राहम आणि सारा वयाने 'वेल स्ट्रिकन' आहेत, म्हणजे म्हातारपणाने त्यांना बडवलेलं नाही, ते वयात बरेच पुढे गेले आहेत. 'स्माइट' हा बायबली रागाचा खास शब्द. त्याचं मूळ 'स्मीतन', अर्थ माखणे, फासणे, विटाळणे. 'स्विंग' आज बागेतला झोका आहे. 'स्विंगन' म्हणजे फटके मारणे. 'थ्रॅश'चं मूळ धान्याच्या मळणीत. आपल्याकडे कोकणात भाताची झोडणी होते आणि माणसालाही झोडपतात, तसाच तो शब्द खळ्यातून माणसाच्या पाठीवर आला. आणि 'स्लेआन', आजचा 'स्ले', हा मुळात साधा 'मारणे'. त्याचा प्रवास मराठी वाचकाला चटकन कळेल, कारण आपलं 'मारणे' उलट्या दिशेने चालत आलं आहे. संस्कृतात ते मरणाला कारण होणे होतं, आपण त्याचा चापटीपर्यंत उतार केला. इंग्रजांनी चापटीपासून सुरुवात करून 'स्ले'ला वधापर्यंत चढवलं. आता न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी समाजाच्या नाचाच्या मैफलींतून तो शब्द पुन्हा नवा अर्थ घेऊन निघाला आहे, आणि पुण्यातली कॉलेजची मुलगी मैत्रिणीच्या साडीतल्या फोटोखाली 'स्ले' लिहिते तेव्हा तिच्या मनात ना घाव असतो ना वध. 'स्लेआन' म्हणणारा सॅक्सन शेतकरी तो फोटो पाहून तिच्या मैत्रिणीच्या जिवाची काळजी करेल.

अर्थांची ही घसरगुंडी किती वेगवान असते हे पाहायचं तर एकच वाक्य निरनिराळ्या शतकांत वाचावं. एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा, हे येशूचं वचन सर्वांना ठाऊक आहे. दहाव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजी शुभवर्तमानांत तिथे 'स्लेआ' आहे. चौदाव्या शतकात विक्लिफच्या अनुयायांच्या भाषांतरात 'स्माइट' येतो, कारण तोवर 'स्ले'ने जीव घ्यायला सुरुवात केली होती, आणि मेलेला माणूस दुसरा गाल काय पुढे करणार? १५२६मध्ये भाषांतरकार टिंडेल 'ब्लो' देतो. १६११मध्ये पुन्हा 'स्माइट'. १९४६च्या सुधारित आवृत्तीत 'स्ट्राइक', आणि २०११च्या एका लोकप्रिय आवृत्तीत 'स्लॅप', जो बहुधा उत्तर जर्मनीकडच्या बोलींतून आला. (गालसुद्धा बदलला आहे. जुन्या आवृत्तीतल्या 'वेंगे'चं आज नाव कुणाला माहीत नाही.) हजार वर्षांत थप्पड तीच राहिली, शब्द पाच झाले. यातला 'अस्सल' कोणता? दहाव्या शतकातला म्हणाल तर तो आज चूक आहे. शेवटचा म्हणाल तर तो आयात आहे.

'ब्लो'ची गोष्ट तर शुद्धिवादाला अधिकच अडचणीची. आजच्या एका स्पेलिंगमध्ये तीन शब्द दाटीवाटीने राहतात. एक 'ब्लावन', वारा वाहणे किंवा फुंकणे. दुसरा 'ब्लोवन', फुलणे, जो आता 'फुल-ब्लोन'सारख्या कोपऱ्यात उरला आहे. तिसरा घाव या अर्थाचा 'ब्लो'. हा पंधराव्या शतकात उत्तरेकडच्या लिखाणात अचानक दिसू लागतो आणि त्याचे आईबाप कोशकारांनी आजवर निश्चित केलेले नाहीत. वाऱ्याच्या झोतावरून घावाचा अर्थ आला, अशी सोपी गोष्ट बरेच जण सांगतात. गोष्ट छान आहे, पुरावा नाही. म्हणजे टिंडेलने येशूच्या तोंडी घातलेला तो साधासुधा शब्द कुळनाम विचारलं तर गप्प बसतो. त्याला भाषेतून काढायचा का?

पहिल्या दोन 'ब्लो'ची कुंडली मात्र नीट जुळते, आणि ती जुळते तिथेच परकेपणाची कल्पना ढिली पडते. संस्कृतात 'भ्रातृ', लॅटिनमध्ये 'फ्रातेर', इंग्रजीत 'ब्रदर'. आपला भ, त्यांचा फ, यांचा ब. १८२२मध्ये याकोब ग्रिमने असे ध्वनिबदल नियमात बसवले आणि एक मोठं एकत्र कुटुंब उघडकीला आलं. त्याच हिशेबाने फुंकण्याचा लॅटिन धातू 'फ्लारे' हा 'ब्लो'चा भाऊ, आणि फुलाचा 'फ्लोस' हा फुलणाऱ्या 'ब्लो'चा. 'इन्फ्लेशन' या शब्दावर लॅटिन म्हणून नाक मुरडणारा माणूस आपल्याच घरच्या फुंकरीला ओळखत नाही. आणखी एक नातं आपल्याला थेट भिडतं. लॅटिन 'फेंदेरे' म्हणजे प्रहार करणे. त्यातून 'डिफेंड', 'ऑफेंड', 'फेन्स' निघाले. हा धातू आपल्या 'हन्'चा सख्खा. म्हणजे हाणामारीतलं 'हाणणं' आणि 'डिफेंड' एकाच पूर्वजाची लेकरं आहेत. परका कोण, हे ठरवायला किती पिढ्या मागे जायचं?

आता समोरच्या बाजूचे जोरदार मुद्दे. ते आहेत, आणि ते नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. पहिला असा की इंग्रजी शब्दकोशात लॅटिन-फ्रेंच वंशाचे शब्द निम्म्याहून अधिक असले, तरी रोजच्या बोलण्यात सर्वांत जास्त वापरले जाणारे शंभर शब्द काढले तर बहुतेक सगळे जर्मॅनिक, म्हणजे जर्मन-नॉर्सच्या कुटुंबातले निघतात. लहान मूल 'हिट' आधी शिकतं, 'इन्फ्लिक्ट' फार नंतर, किंवा कधीच नाही. आखूड शब्द मनावर लवकर ठसतात हेही खरं. पण मग ही ताकद आखूडपणाची आणि लहानपणाची झाली, वंशाची कुठे? 'पुश' फ्रेंच 'पूसे'तून आला आणि त्याच्यामागे लॅटिन 'पुल्सारे', म्हणजे बडवणे, उभा आहे; 'पंच'ही फ्रेंचकडून. 'हर्ट' फ्रेंच 'उर्ते'तून, मूळ अर्थ ढुशी देणे, धडकणे. हे शब्द ऐकताना कुणाही इंग्रजाला फ्रान्स आठवत नाही. उलट 'बॅटर' हा फ्रेंच पोशाखातला शब्द सॅक्सन 'बीट'पेक्षा निर्दय वाटतो. कान वंशावळ ऐकत नाही. ती कोश उघडल्यावर डोळ्यांना दिसते.

शुद्धिवाद्यांचे स्वतःचे नमुनेच पाहा. सर जॉन चेक हे केंब्रिजचे ग्रीकचे प्राध्यापक. १५५७मध्ये एका पत्रात त्यांनी लिहिलं की आपली भाषा स्वच्छ आणि 'प्युअर', 'अनमिक्स्ट' आणि 'अनमँगल्ड' असावी. 'प्युअर' लॅटिनमधून फ्रेंचमार्गे, 'मिक्स'च्या मुळाशीही लॅटिन, आणि 'मँगल' म्हणजे तोडमोड करणे, ते इंग्लंडातल्या नॉर्मन फ्रेंचचं. शुद्धतेची शपथच त्यांनी उसन्या शब्दांत घेतली. तीनशे वर्षांनी डॉर्सेटचे पाद्री आणि कवी विल्यम बार्न्स यांनी १८७८च्या पुस्तकात परक्या शब्दांना देशी पर्याय सुचवले. व्याकरणाला 'स्पीचक्राफ्ट', आणि बाबागाडीच्या 'पेरँब्युलेटर'ला 'पुश-वेनलिंग'. त्या लोभस शब्दाच्या तोंडाशीच 'पुश' बसला आहे, लॅटिन 'पुल्सारे'चा नातू. बार्न्सांची थट्टा मला करायची नाही. त्यांच्याकडे परत येतो आहे. एवढंच म्हणतो की ज्या माणसाने आयुष्य या कामात घातलं त्याच्याही कानाला परका 'पुश' ओळखू आला नाही. मग ओळखण्याजोगं काही होतं तरी का?

चर्चिलच्या ४ जून १९४०च्या भाषणाचा दाखला हटकून दिला जातो. किनाऱ्यांवर लढू, शेतांत लढू, रस्त्यांत लढू... सगळे शब्द सॅक्सन, आणि फक्त 'सरेंडर' फ्रेंच, कारण शरणागती परकी! टाळ्या घेणारं वाक्य आहे हे, पण त्याच परिच्छेदात 'डिफेंड' आहे, 'कॉन्फिडन्स' आहे, 'ओशन', 'एअर', 'कॉस्ट' आहेत. बेटाचं रक्षण करू असं म्हणताना चर्चिलने लॅटिन प्रहाराचा शब्द वापरला. इंग्लंड तरीही बचावलं.

दुसरा मुद्दा बार्न्सांचा आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. त्यांचा राग फ्रेंचांवर नव्हता. खेड्यातल्या मजुराला आपल्याच देशाचा कायदा आणि प्रवचन कळत नाही, याची त्यांना चीड होती. मारहाणीच्या शब्दांत हे फार स्पष्ट दिसतं. नॉर्मन राजवटीनंतर ज्याला मार बसला तो म्हणे 'बीट' आणि 'हिट'. ज्या न्यायालयात तो दाद मागे तिथे त्याचा 'असॉल्ट अँड बॅटरी' (कायद्याच्या भाषेत हल्ला आणि मारहाण) होई, दोन्ही शब्द फ्रेंच. १३६२मध्ये संसदेला कायदा करावा लागला की खटल्यांचे युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत, कारण पक्षकारांना काय चाललंय तेच कळत नाही. हा अन्याय खरा होता. मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात वकिलाच्या तोंडाकडे बघत उभे असलेले पक्षकार आपल्याकडे आजही आहेत. पण उपाय वंशशुद्धीचा कसा? १ जानेवारी १८६२पासून लागू झालेल्या भारतीय दंडविधानात, मॅकॉलेच्या मसुद्यातून आलेल्या, साध्या मारहाणीसाठी 'हर्ट' हा शब्द होता आणि कलम ३१९मध्ये त्याची व्याख्या शारीरिक वेदना, रोग किंवा अशक्तपणा अशी सरळ दिली होती. 'हर्ट' फ्रेंच, तरी 'बॅटरी'पेक्षा शंभर पटीने कळणारा. उलट चेक यांनी बायबलातल्या पुनरुत्थानासाठी घडवलेला 'गेनरायझिंग' घ्या. नखशिखान्त देशी, आणि समजावून दिल्याशिवाय कुणालाही न कळणारा. बार्न्सांच्या मजुराला हवा होता कळणारा शब्द. सॅक्सन शब्द हवा होता तो बार्न्सांना.

तिसरा मुद्दा इंग्रज लेखक जॉर्ज ऑरवेलचा. हा माणूस आपल्या बिहारातल्या मोतिहारीत जन्मलेला, आणि त्याचा १९४६चा राजकारण व इंग्रजी भाषेवरचा निबंध दोन्ही गोलार्धांतल्या भाषाशुद्धिवाल्यांचं आवडतं हत्यार आहे. लॅटिन-ग्रीक शब्द सॅक्सनपेक्षा भारदस्त असतात ही वाईट लेखकांची समजूत, असं तो म्हणतो, आणि दाखवतो की सत्ता लॅटिनच्या धुक्यात हत्या लपवते: निराधार खेड्यांवर हवाई मारा होतो, माणसं हाकलली जातात, गुरं मशीनगनने मारली जातात, झोपड्या पेटवल्या जातात आणि याला 'पॅसिफिकेशन', म्हणजे शांतता प्रस्थापित करणे, म्हणतात. लपवाछपवीबद्दल तो पूर्ण बरोबर आहे. पण ते वाक्य इंग्रजीत वाचा. ज्या भागात सत्य सांगितलं आहे, तिथले 'डिफेन्सलेस', 'व्हिलेज', 'बंबार्डेड', 'एअर', 'इनहॅबिटंट्स', 'कॅटल', 'बुलेट' हे सारे शब्द फ्रेंच-लॅटिन वंशाचे. सत्यही लॅटिनमध्ये, खोटंही लॅटिनमध्ये. फरक इतकाच की एका बाजूला गुरं आणि झोपड्या दिसतात, दुसऱ्या बाजूला काहीच दिसत नाही. (ऑरवेलच्या आधी १९०६मध्ये फाउलर बंधूंनीही 'रोमान्स (म्हणजे लॅटिन-फ्रेंच वंशाच्या) शब्दापेक्षा सॅक्सन शब्द पसंत करा' असा नियम दिला होता. तो उद्धृत करणारे एक गोष्ट गाळतात. त्यांच्या पाच नियमांत तो शेवटचा होता, आणि शेवटचा तो सर्वांत कमी महत्त्वाचा, असं त्यांनी लगेच खाली लिहून ठेवलं होतं.)

आणि सॅक्सन शब्द खोटं बोलत नाहीत का? आजच्या बातम्यांतला 'स्ट्राइक' पाहा. हवाई 'स्ट्राइक', ड्रोन 'स्ट्राइक', सर्जिकल 'स्ट्राइक'. अस्सल देशी शब्द, एका दमात उच्चारला जाणारा, एक झटका. त्यात माणूस नाही, किंकाळी नाही, आकडा नाही. सुपारी देऊन केलेल्या खुनाला अमेरिकेत 'हिट' म्हणतात, लक्ष्य संपवण्याला 'टेक आउट', 'टेक'ही व्हायकिंगांचा. 'पॅसिफिकेशन' निदान अवघड असल्यामुळे वाचक थबकून विचारतो, म्हणजे काय? 'स्ट्राइक'वरून तो घसरत पुढे जातो, जसा 'स्ट्रीकन'चा हात पृष्ठभागावरून फिरायचा.

राहिला 'सर्व काही पोटात घ्या' म्हणणारा पक्ष. त्यांना वाटतं इंग्रजी उदार होती. शब्द निवडून घेण्याचं औदार्य दाखवायला हातात सत्ता लागते, आणि 'हिट' आला तेव्हा व 'बॅटरी' आली तेव्हा इंग्रजी बोलणारे लोक हरलेले होते. १०६६नंतरची कित्येक दशकं ती दरबाराबाहेर उभी राहिलेली भाषा होती. तिने शब्द घेतले ते राज्यकर्त्यांशी, जमीनदाराशी, शेजारच्या डॅनिश शेतकऱ्याशी रोजचा व्यवहार करताना. काही लादले गेले, काही लग्नसंबंधांतून आले, काही बाजारातून. पुढे साम्राज्य मिळालं ते जहाजांमुळे, भांडवलामुळे, तोफांमुळे. उसन्या शब्दांनी भाषा जागतिक होत असती तर फारसी शब्दांनी गच्च भरलेली पेशव्यांची मराठी लंडनपर्यंत पोहोचायला हवी होती.

आपल्याकडे तरी दुसरं काय घडलं? शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला, विसाव्या शतकात सावरकरांनी 'महापौर', 'दिनांक' असे शब्द दिले. ते टिकले, मी रोज वापरतो, मला ते आवडतात. ते टिकले कारण त्या त्या जागी कामाचे होते आणि तोंडात बसले. त्याच मोहिमांनी हद्दपार करायचं ठरवलेले कितीतरी शब्द जागचे हलले नाहीत. 'चाबूक' फारसी आहे, 'तमाचा' फारसी आहे, आणि चाबकाच्या फटक्याला कुणी परका म्हणून हलकं समजत नाही.

म्हणून शब्दाची तपासणी करायचीच असेल, तर ती दाराशी उभं राहून आडनाव विचारण्याने होणार नाही. वाक्यात कुणी कुणाला काय केलं ते दिसतं का, एवढं पाहावं. आपली वर्तमानपत्रं मोर्चाच्या बातमीत वर्षानुवर्षं लिहितात, 'पोलिसांनी सौम्य लाठीमार केला.' लाठी इथली, मार इथला, 'सौम्य' तर थेट संस्कृत. डोकी फुटली तरी विशेषण तेच राहतं. भाषाशुद्धीच्या कुठल्याही चाळणीतून हा शब्दप्रयोग बिनबोभाट पार होतो. अडवला जातो तो 'लाठीचार्ज'.